इन्स्टॉलेशनची तबकडी दुकानदाराच्या खिशात का?

सरकारी कार्यालयातल्या कोणत्याही संगणकासमोर उभे राहून एक साधा प्रश्न विचारावा : हा संगणक उद्या सकाळी सुरूच झाला नाही, तर त्यावर ऑपरेटिंग सिस्टिम पुन्हा बसवण्याची तबकडी कुठे आहे? सेवाकाळात हा प्रश्न मी निरनिराळ्या राज्यांतल्या अनेक कार्यालयांत विचारला. उत्तर बहुतेक ठिकाणी एकच मिळाले : "ती दुकानवाला घेऊन येतो, साहेब."

कार्यालयाचा गोल शिक्का कुठे आहे, असे विचारल्यावर "तो दुकानवाला घेऊन येतो" असे उत्तर मिळाले असते, तर त्या दिवशी चौकशी लागली असती. तिजोरीची किल्ली, कोऱ्या दाखल्यांचे गठ्ठे, धनादेश पुस्तिका या प्रत्येक वस्तूचा ताबा कोणाकडे असावा याचे नियम आहेत, नोंदवह्या आहेत, बदलीच्या वेळी कार्यभार हस्तांतरणाची यादी आहे. मात्र ज्या यंत्रातून आज हा सारा कारभार चालतो, त्या यंत्राचा पाया कोण घालतो, कशाने घालतो आणि त्या पायात काय मिसळतो, याची नोंद कुठल्याच वहीत नाही. हा निष्काळजीपणा आहे. तंत्रज्ञान अवघड असल्याची सबब त्याला लागू पडत नाही, हे मला या लेखात सांगायचे आहे.

प्रथम एक अनुभव सांगतो. २००८ च्या सुमारास मी महाराष्ट्राबाहेरच्या एका जिल्ह्यात काम करत होतो. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडीकडची गलाई व्यवसाय करणारी मंडळी भारतभर पसरली आहेत, हे बाहेर राहणाऱ्या मराठी वाचकांना सांगायला नको. सोन्याचांदीची गाळणी करणारे असे एक कुटुंब त्या गावात दोन पिढ्या होते. मुलाला जातीचा दाखला हवा होता. स्थलांतरितांच्या बाबतीत वडिलांचा मूळ राज्यातील दाखला पाहून, गरज पडल्यास मूळ जिल्ह्याकडून खात्री करून नवा दाखला द्यायचा असतो. त्याप्रमाणे गावाकडच्या कार्यालयाला पत्र गेले आणि तिकडच्या एका तत्पर कारकुनाने चक्क ई-मेलने, युनिकोडमध्ये, शुद्ध मराठीत उत्तर पाठवले. त्या काळात हे कौतुकास्पद होते. आमच्या कार्यालयात मात्र ते पत्र उघडल्यावर काही ओळींत नुसते चौकोन दिसत होते आणि काही ओळींत वेलांट्या अक्षराच्या भलत्याच बाजूला, जोडाक्षरे तुटलेली, पाय मोडलेली. संबंधित लिपिकाने प्रत छापली, तिच्यावर "अवाचनीय, सबब परत" असा शेरा मारला आणि नस्ती बंद केली. प्रवेशाची मुदत तीन आठवड्यांवर आली होती. मुलाचे वडील माझ्याकडे आले तेव्हा त्यांना वाटत होते, की गावाकडच्या साहेबाने मुद्दाम खोडा घातला आहे.

खोडा कोणीच घातला नव्हता. त्या संगणकावर विंडोज एक्सपी होते. एक्सपीमध्ये देवनागरी नीट दिसण्यासाठी लागणारी सामग्री होती. परंतु ती आपोआप बसत नसे. कंट्रोल पॅनेलमध्ये प्रादेशिक व भाषिक पर्यायांच्या खिडकीत जाऊन क्लिष्ट लिप्यांसाठीच्या फायली बसवण्याच्या चौकोनात खूण करावी लागे. खूण केली की संगणक मूळ सीडी मागत असे, कारण त्या फायली सीडीवरील आय-३८६ नावाच्या फोल्डरमध्ये असत. मी स्वतः बसून ती खूण केली. संगणकाने सीडी मागितली. सीडी कार्यालयात नव्हती. दुकानातल्या मुलाला बोलावले. त्याने पाठीवरच्या पिशवीतून एक तबकडी काढली. तिच्यावर निळ्या शाईने हाताने लिहिले होते, "ऑल इन वन". ती घातली, तर संगणकाने सांगितले की हवी असलेली फाइल या तबकडीवर नाही. कारण ती तबकडी कोणीतरी 'हलकी' केलेली होती. अनेक आवृत्त्या एकाच सीडीत बसवण्यासाठी ज्या गोष्टी त्याला अनावश्यक वाटल्या, त्या त्याने कापून टाकल्या होत्या, आणि त्यांत भारतीय भाषा होत्या.

वाचकहो, या वाक्यावर थोडे थांबा. कुठल्या तरी अज्ञात माणसाने, कुठल्या तरी खोलीत बसून ठरवले की भारतीय भाषा अनावश्यक आहेत, आणि भारतातल्या एका जिल्ह्याच्या कार्यालयाने तो निर्णय मुकाट्याने अमलात आणला. त्याला मंत्रिमंडळाची मान्यता लागली नाही, परिपत्रक लागले नाही, कोणाची सहीसुद्धा लागली नाही. आम्ही दुसऱ्या गावाहून मूळ सीडी मागवली, फायली बसवल्या, पत्र वाचले आणि दाखला मुदतीत दिला. पण असे किती दाखले "अवाचनीय" म्हणून परत गेले असतील, याचा हिशोब कोण देणार?

आता या "ऑल इन वन" तबकडीबद्दल थोडे तांत्रिक बोलू. अधिकाऱ्यांनी हा भाग ओलांडून पुढे जाऊ नये, ही विनंती. एवढे समजायला अभियंता असावे लागत नाही.

एकाच तबकडीवर अनेक आवृत्त्या असणे यात मुळात काहीही गैर नाही. २००७ साली सर्वसाधारण ग्राहकांसाठी आलेल्या विंडोज व्हिस्टापासून खुद्द उत्पादकानेच ही पद्धत स्वीकारली. त्या तबकडीवरील 'सोर्सेस' या फोल्डरमध्ये 'इन्स्टॉल डॉट विम' नावाची एक मोठी फाइल असते. तिच्यात घरगुती, व्यावसायिक वगैरे अनेक आवृत्त्यांच्या प्रतिमा क्रमांकाने ठेवलेल्या असतात. गंमत अशी, की चार आवृत्त्या ठेवल्या म्हणून फाइल चौपट होत नाही. चारही आवृत्त्यांत समान असलेली प्रत्येक फाइल एकदाच साठवली जाते आणि प्रत्येक आवृत्तीच्या यादीत तिचा फक्त उल्लेख असतो. आपल्याकडे एका गट क्रमांकाखाली अनेक खातेदारांची नावे असतात, पण जमीन एकच असते, तसा हा प्रकार. त्यांतली कोणती आवृत्ती बसवायची हे परवान्याची किल्ली ठरवते. विंडोज ७ च्या काळात, म्हणजे २००९ नंतर, लोकांच्या लक्षात आले की त्याच फोल्डरमधली 'ईआय डॉट सीएफजी' नावाची काही ओळींची फाइल काढून टाकली, की संगणक सगळ्या आवृत्त्यांची यादी समोर मांडतो आणि तुम्हाला निवड करू देतो. बहुआवृत्ती तबकडीचे रहस्य म्हणून जे सांगितले जाते, ते एवढेच.

त्यापुढे स्वतःची तबकडी घडवायची, तर उत्पादकानेच मोफत दिलेली साधने आहेत. 'डिझम' या साधनाने विम फाइलमधील एकेक प्रतिमा उघडायची, तिच्यात सुरक्षेच्या दुरुस्त्या, प्रिंटर व नेटवर्कचे ड्रायव्हर आणि भाषेचे संच घालायचे, आणि बंद करायची. प्रत्येक आवृत्तीची प्रतिमा वेगळी असल्याने हे काम प्रत्येकीसाठी वेगळे करावे लागते. एकीत घातलेली दुरुस्ती दुसरीत आपोआप जात नाही. मग 'उत्तरपत्रिका' म्हणता येईल अशी एक फाइल लिहायची, जिच्यात इन्स्टॉलेशनच्या वेळी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे आधीच दिलेली असतात : भाषा कोणती, वेळेचा पट्टा कोणता, कळपाटी कोणती. शेवटी 'ओएससीडीइमेज' या साधनाने जुन्या बायोसवर आणि नव्या यूईएफआय पद्धतीवर, दोन्हीकडे सुरू होईल अशी तबकडीची प्रतिमा तयार करायची. पेन ड्राइव्ह वापरायचा असेल तर एक अडचण लक्षात ठेवायची : यूईएफआयला समजणाऱ्या फॅट-३२ पद्धतीत चार जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, म्हणून मोठ्या विम फाइलचे तुकडे करावे लागतात. जिल्ह्याच्या सूचनाविज्ञान केंद्रातला एक जाणकार माणूस हे काम दोनतीन दिवसांत करू शकतो, आणि ते एकदा नीट केले की शेकडो संगणकांना पुरते.

मग आक्षेप कशाला आहे? दुकानदाराच्या खिशातल्या तबकडीला आहे. तिच्यात तीन दोष आहेत.

पहिला दोष कायद्याचा. यादीतून हवी ती आवृत्ती निवडता येते, याचा अर्थ ती वापरण्याचा परवाना मिळतो असा नव्हे. दुकानातल्या तबकडीवर बहुधा परवाना-तपासणीला फसवणारा एक छोटा प्रोग्रॅमही असतो. स्वामित्वहक्क अधिनियम, १९५७ च्या कलम ६३-ख नुसार, संगणक प्रोग्रॅमची उल्लंघन करणारी प्रत आहे हे माहीत असून तिचा संगणकावर वापर करणाऱ्याला किमान सात दिवस ते तीन वर्षे कारावास आणि किमान पन्नास हजार रुपये दंड होऊ शकतो. कायदा राबवणाऱ्या कार्यालयानेच या कलमाकडे पाठ फिरवावी, यासारखी शरमेची गोष्ट दुसरी नाही. आणखी विचित्र हे, की पुष्कळदा कार्यालयाने संगणकासोबत रीतसर परवाना विकत घेतलेला असतो, त्याचे पैसे भरलेले असतात, आणि तरीही पहिल्या बिघाडानंतर त्यावर बेकायदा प्रत बसवली जाते. कारण कायदेशीर तबकडी कोणाला सापडत नाही.

दुसरा दोष सुरक्षेचा. परवाना-तपासणीला फसवणारा प्रोग्रॅम प्रशासकाच्या पूर्ण अधिकारांनिशी चालतो. तो आणखी काय करतो हे त्याच्या कर्त्याशिवाय कोणालाच माहीत नसते. अशा प्रतींवर स्वयंचलित दुरुस्त्या बंद केलेल्या असतात, नाहीतर फसवणूक उघडी पडेल. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर विषाणूने जगभर धुमाकूळ घातला, तेव्हा आंध्र प्रदेश पोलिसांच्या काही संगणकांनाही त्याचा फटका बसला होता. ज्या दोषातून तो विषाणू शिरत होता, त्याची दुरुस्ती उत्पादकाने दोन महिने आधी, मार्च २०१७ मध्ये दिलेली होती. औषध घरात आले होते, ते रोग्याला कोणी पाजले नव्हते. आता १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण आधार संपला आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते. बाजारात ही तपासणीच वगळणाऱ्या तबकड्या मिळतात आणि जुन्या संगणकांवर त्या सर्रास चढवल्या जात आहेत. पडद्यावर विंडोज ११ दिसते, साहेब समाधानी होतात, आणि ज्या यंत्राला उत्पादक आधार देत नाही त्या यंत्रावर नागरिकांच्या नोंदी साठत राहतात.

तिसरा दोष भाषेचा, आणि माझ्या दृष्टीने हाच सर्वांत मोठा. एक्सपी गेले, चौकोनात खूण करण्याचे दिवस गेले. व्हिस्टापासून भारतीय लिप्या पडद्यावर आपोआप दिसू लागल्या. म्हणून प्रश्न सुटला असे समजणाऱ्यांना मी एक वस्तुस्थिती सांगतो. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, 'सिंगल लँग्वेज' नावाची आवृत्ती आली. पुढच्या काळात भारतात विकल्या गेलेल्या असंख्य लॅपटॉपवर हीच, 'होम सिंगल लँग्वेज', बसवलेली असते. तिच्यात देवनागरी वाचता-लिहिता येते, पण पडद्यावरचे आदेश ज्या एका भाषेत आले त्यातच राहतात; दुसरी प्रदर्शन-भाषा जोडता येत नाही. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत बावीस भाषा असलेल्या देशात "एकच भाषा" असे नाव कपाळावर घेऊन आलेले यंत्र आपण खरेदी करतो, आणि निविदेच्या कागदांत त्याबद्दल एक ओळ नसते. भर म्हणजे, तेव्हापासूनच्या नव्या संगणकांत परवान्याची किल्ली फर्मवेअरमध्येच कोरलेली असते. बहुआवृत्ती तबकडी घातली, तरी संगणक ती किल्ली वाचतो आणि न विचारता तीच घरगुती आवृत्ती बसवतो. कार्यालयाने वेगळ्या पैशांनी व्यावसायिक आवृत्तीचा परवाना घेतला असेल, तरीही! ही घरगुती आवृत्ती कार्यालयाच्या डोमेनला जोडता येत नाही, म्हणजे तिच्यावर मध्यवर्ती नियंत्रण ठेवता येत नाही. यावर उपाय आहे : आपल्या तबकडीवर हव्या त्या आवृत्तीचे नाव व किल्ली आधीच लिहून ठेवणे. पण त्यासाठी तबकडी आपली असावी लागते.

मराठीचे आणखी काही बारकावे आहेत. हिंदी राज्यांतल्या कार्यालयांत "हिंदी टाकली, म्हणजे देवनागरी झाली" असा समज असतो. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या खोलगट जागा. कऱ्हाडच्या माणसाच्या गावाचे नाव चुकीच्या फॉन्टमुळे वा टंकलेखकाच्या अज्ञानामुळे 'कर्हाड' असे छापले, की पडताळणीत दोन कागदांवरची दोन नावे जुळत नाहीत. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आले. त्याआधीच्या फॉन्टमध्ये त्याच्या जागी चौकोन उमटतो. 'ॲडव्होकेट' किंवा 'ॲलिस' यांच्या पहिल्याच अक्षराला काळिमा. भारत सरकारने २००९ मध्ये ई-प्रशासनासाठी युनिकोड हे मानक म्हणून स्वीकारले. इनस्क्रिप्ट कळपाटी त्याच्याही कितीतरी आधी, १९८६ साली, प्रमाणित झाली. सर्व भारतीय लिप्यांसाठी 'क' ची कळ एकच, अशी ती शहाणी रचना आहे. बंगालमध्ये ती शिकलेला मराठी माणूस चेन्नईत जाऊनही देवनागरी लिहू शकतो. मानक आहे, कळपाटी आहे, फॉन्ट आहेत, आणि हे सारे प्रत्येक संगणकावर पहिल्या दिवसापासून बसवलेले असावे याची हमी देणारी एकच जागा आहे, ती म्हणजे इन्स्टॉलेशनची तबकडी. तिथे आपण गैरहजर आहोत.

आता नेहमीचे आक्षेप घेऊ.

"हे पुरवठादाराचे काम आहे." पुरवठादाराचे काम यंत्र देण्याचे, वॉरंटी पाळण्याचे. नागरिकाचे नाव योग्य अक्षरांत उमटवणे हे त्याचे काम नाही, आणि त्याने ते करावे अशी अपेक्षाही आपण करारात कधी लिहिलेली नाही. इमारत ठेकेदार बांधतो. पण आराखडा आणि पायाची खोली शासनाचा अभियंता तपासतो. संगणकाच्या बाबतीत पाया तपासण्याचा अधिकार आपण ठेकेदाराच्या नोकराला देऊन टाकला आहे.

"परवान्याच्या अटींत स्वतःची तबकडी बनवता येत नाही." हा आक्षेप अर्धा खरा आहे, म्हणून अधिक धोकादायक. संगणकासोबत येणाऱ्या किरकोळ परवान्यात अशी मुभा नसते. परंतु संस्थांसाठीच्या घाऊक परवान्यात त्याच उत्पादनाची, त्याच आवृत्तीची प्रतिमा आपल्या परवानाधारक यंत्रांवर पुन्हा बसवण्याचा हक्क मिळतो. हा हक्क मिळवण्यासाठी सगळ्या यंत्रांचे परवाने नव्याने घ्यावे लागत नाहीत. किती खात्यांनी हा हक्क वाचला आहे? पैसे भरून मिळालेला हक्क न वापरता, चोरीची प्रत फुकट वापरणे याला काटकसर म्हणत नाहीत.

"तबकडीचे दिवस गेले, आता सगळे इंटरनेटवरून होते." तबकडीचे रूप गेले असेल, तिचे कार्य गेलेले नाही. ती सीडी असो, पेन ड्राइव्ह असो की सर्व्हरवर ठेवलेली प्रतिमा असो, यंत्राला पहिल्यांदा जागे करणारी मूळ प्रत कुठेतरी असतेच. ती कोणाच्या ताब्यात आहे, हाच प्रश्न आहे. आणि ज्या तालुक्यात दिवसातून चार वेळा इंटरनेट जाते, तिथे इंटरनेटवरून इन्स्टॉलेशन करण्याचा सल्ला देणाऱ्याने एकदा तिथे मुक्काम करून पाहावा.

"मग विंडोज सोडूनच द्या." या आक्षेपाला माझी सहानुभूती आहे. मुक्त प्रणालीत स्वतःची तबकडी बनवण्याचा हक्क मागावा लागत नाही, तो परवान्यातच असतो. केरळने शाळांसाठी आपली स्वतःची लिनक्स आवृत्ती घडवली, तिच्यात मल्याळम आणि शालेय प्रोग्रॅम आधीच घातले, आणि वर्षानुवर्षे ती सांभाळली, सुधारली. सी-डॅकने २००७ पासून डेबियनवर आधारित 'बॉस' ही प्रणाली दिली. तिच्यात मराठीसह अनेक भारतीय भाषा आहेत आणि शाळांसाठी, सर्व्हरसाठी वेगळ्या आवृत्त्याही निघाल्या. २०१५ साली केंद्र सरकारने मुक्त स्रोताला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. २०२३ मध्ये संरक्षण मंत्रालयाने उबुंटूवर आधारित 'माया' ही प्रणाली आणल्याचे आपण वाचले. म्हणजे आपल्याला जमत नाही, हे खोटे आहे. केरळच्या शाळेतल्या शिक्षकाला जे जमले, ते जिल्हाधिकारी कार्यालयाला का जमू नये? पण मी येथे प्रणालींचे भांडण लावत नाही. ज्या कार्यालयाला आपल्या तबकडीवर काय आहे हे माहीत नाही, ते लिनक्सवर गेले तरी दुकानातूनच लिनक्सची तबकडी मागवणार आहे. सवय आधी बदलली पाहिजे.

तेव्हा माझी मागणी अशी आहे.

१) प्रत्येक जिल्ह्यात, आणि केंद्रीय कार्यालयांच्या बाबतीत प्रत्येक विभागात, एक अधिकृत मूळ तबकडी असावी. तिच्यात कार्यालयाजवळ परवाना असलेल्या आवृत्त्याच असाव्यात, अधिक नकोत. "सगळे एकात" ही दुकानाची हाव आहे. "हवे तेवढे एकात" ही कार्यालयाची शिस्त.

२) ती उत्पादकाकडून घेतलेल्या मूळ प्रतीवरूनच बनवावी आणि मूळ प्रतीचा एसएचए-२५६ ठसा उत्पादकाने जाहीर केलेल्या ठशाशी पडताळावा. तयार तबकडीचाही ठसा काढून नोंदवहीत लिहावा. ज्या तबकडीचा ठसा जुळत नाही ती वापरू नये. बोटाचा ठसा न जुळणाऱ्या माणसाचे रेशन आपण अडवतो. मग तबकडीला सवलत कशाला?

३) त्या राज्याची भाषा, हिंदी आणि इंग्रजी यांच्याखेरीज आठव्या अनुसूचीतील सर्व भाषांचे फॉन्ट आणि इनस्क्रिप्ट कळपाट्या तिच्यात आधीच असाव्यात. जागा किती लागते हे विचारणाऱ्याने एका लग्नाच्या व्हिडिओची फाइल किती मोठी असते ते पाहावे.

४) उत्तरपत्रिकेच्या फाइलमध्ये प्रशासकाचा पासवर्ड लिहू नये. ती फाइल कोणालाही उघडून वाचता येते, आणि "सांकेतिक" केलेला पासवर्डही चुटकीसरशी उलगडतो. तबकडी फिरते, तिच्यासोबत जिल्ह्याची किल्ली फिरू नये.

५) दर तीन महिन्यांनी ताज्या दुरुस्त्या प्रत्येक आवृत्तीत घालून नवी तबकडी काढावी, तिच्यावर दिनांक लिहावा आणि जुनी नष्ट करून तशी नोंद करावी.

६) जडसंग्रह नोंदवहीत संगणकाची नोंद होते, त्याच ओळीत तबकडीचा दिनांक, आवृत्ती, परवाना आणि ताबा असलेल्या कर्मचाऱ्याचे नाव असावे. बदलीच्या वेळी ती यादीसह हस्तांतरित व्हावी.

७) दुरुस्तीला येणाऱ्या कोणाही बाहेरच्या माणसाने स्वतःची तबकडी कार्यालयाच्या यंत्रात घालू नये, अशी अट दुरुस्तीच्या करारात असावी. त्याने यावे, आमची तबकडी वापरावी, आणि ती परत करून जावे.

यांत खर्च नगण्य आहे. नवे पद निर्माण करावे लागत नाही. लागते ती फक्त एका अधिकाऱ्याने "हे माझे काम आहे" असे म्हणण्याची तयारी. आमच्या सेवेत नेमकी हीच वस्तू दुर्मीळ आहे, याचे मला दुःख आहे, आणि त्यात माझाही वाटा आहे. त्या गलाई कुटुंबाचा दाखला मी सोडवला. पण त्या दुकानदाराची तबकडी त्याच्या पिशवीत परत गेली, आणि दुसऱ्या दिवशी ती कुठल्या कार्यालयात घातली गेली, हे मी विचारले नाही. आदेश काढण्याचा अधिकार माझ्या हातात होता. प्रश्न एका नस्तीपुरता सुटला, म्हणून मी तो संपला असे धरले. हीच चूक आपण सगळे करत आलो आहोत.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या वाचकांना एक काम सुचवतो. इंदूर असो, बडोदा असो, हैदराबाद, कोलकाता वा दिल्ली, आपला कधी ना कधी स्थानिक कार्यालयाशी संबंध येतो. आपले आडनाव, गावाचे नाव तिथल्या संगणकावर कसे उमटते ते डोळ्यांनी पाहा आणि चुकले असेल तर तिथल्या तिथे लेखी हरकत घ्या. आणि शक्य असेल तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली एक छोटा अर्ज करा. सुरक्षेची तांत्रिक माहिती मागू नका. ती नाकारली जाईल आणि नाकारणे योग्यही ठरेल. एवढेच विचारा : आपल्या कार्यालयातील संगणकांवर ऑपरेटिंग सिस्टिम बसवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या मूळ माध्यमाची नोंदवही ठेवली जाते काय, असल्यास ती कोणत्या पदाच्या कर्मचाऱ्याच्या ताब्यात आहे, आणि तीत शेवटची नोंद कोणत्या दिनांकाची आहे?

"अशी नोंदवही ठेवली जात नाही" असे उत्तर आले, तर निदान ते सहीशिक्क्यानिशी कागदावर येईल. मग त्या कागदावर पुढचे पाऊल कोणी उचलायचे, हे त्या कार्यालयाच्या प्रमुखाला टाळता येणार नाही.